मूठ उघडेपर्यंत

सर, सामना चालू असताना तुम्ही चढाई करणाऱ्या मुलीकडे पाठ करून उभे राहायचात. सगळं मैदान तिच्याकडे बघत असायचं आणि तुम्ही आमच्याकडे, त्यातही आमच्या हातांकडे. आम्ही मुली त्यावर हसायचो. त्याचं कारण मला परवा साताऱ्यात, एका हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत कळलं. तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही. तुम्ही जाऊन वर्षं लोटली आहेत आणि माझं हे धक्के खायचं वय नाही, तरी लिहिते आहे.

तुमच्या माघारी कबड्डी मातीवरून मॅटवर गेली. आता खेळाडूंचे लिलाव होतात, करार होतात. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी सांगलीत स्वस्थ बसले होते, तर अशाच एका व्यावसायिक संघानं मला सल्लागार म्हणून बोलावलं. काम एवढंच, की करार संपत आलेल्या एका खेळाडूला ठेवायचं की सोडायचं ते सांगायचं. हा जतकडचा, तिशीला टेकलेला. डाव्या कोपरारक्षकाच्या, म्हणजे त्या टोकाला उभ्या राहणाऱ्या बचावपटूच्या शेजारी, त्याचा हात धरून उभा राहतो. कोपरारक्षकाचं नाव मोठं, पोस्टरवर त्याचंच तोंड असतं. ह्याच्या नावावर पकडी जवळजवळ नाहीतच. संघाचे व्यवस्थापक मला म्हणाले, "मॅडम, हा नुसता हात धरून उभा असतो. हात धरायला काय, मीपण धरीन." मी हसले नाही, पण मनात निकाल देऊन टाकला होता. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पकड नाही, तर जागा नाही.

खोलीत शिरण्याआधी तो जिन्यात भेटला. नमस्कार केला आणि सरळ विषयालाच हात घातला. "मॅडम, सोडायचं आसंल तर सोडा. गावाकडं मेंढरं हायती, थोरला भाऊ एकटाच बघतोय. जाईन मी. पर दया म्हणून ठिवू नका. गेल्या साली तसंच ठिवलं म्हणत्यात समदी. जेवणाच्या टेबलावर घास उतरत न्हाई गळ्याखाली." मी त्याला म्हटलं, दया करायला मला बोलावलेलं नाही. म्हटलं खरं, पण जिन्याच्या कठड्यावरचा माझा हात तिथेच राहिला. कारण ‘दया म्हणून ठेवू नका’ हे वाक्य माझं होतं. माझ्या तरुणपणी मी ते तुम्हाला म्हणणार होते आणि म्हटलं नव्हतं.

आष्ट्याच्या सामन्यात माझा गुडघा गेला, आठवतं का? त्याआधी मी धाडसी खेळायचे, झेपावायचे. पाय बरा झाला तो अर्धाच. मला वाटलं, आता खेळ सुटला. तर तुम्ही मला कोपऱ्यातल्या मैत्रिणीशेजारी उभं केलंत. मी एकदा पकडीला पुढे गेले तर सगळ्यांदेखत ओरडलात, "तुला कुणी सांगितलं पकडायला? जाग्यावर ऱ्हा. तिचा हात धर आन् ऱ्हा हुबी." पुढे एक पंच तुम्हाला विचारत होते, ही पायानं अधू पोरगी कशाला ठेवलीय संघात. मी पाण्याच्या पिंपाशी होते. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "आसू दे आवं." बस, एवढंच. नंतर मिरजेहून माझ्यासाठी गुडघ्याची पट्टी आणलीत आणि काही न बोलता माझ्या पिशवीवर ठेवून गेलात. आम्ही ती स्पर्धा जिंकलो, मैत्रिणीला हारतुरे मिळाले, पुढे त्या जोरावर नोकरीही. मी त्याच वर्षी खेळ सोडला आणि शिकवायला लागले. तुम्ही मला दयेनं ठेवलं होतंत, ही गोष्ट मी इतकी पक्की धरून होते की तिच्यावर पुन्हा विचार करायची वेळच आली नाही.

आता त्या खोलीत येते. आकडे ठेवणारी मुलगी लॅपटॉपवर एकामागून एक चढाया दाखवते आहे. मी पाहते आहे, आणि प्रत्येक वेळी माझी नजर चढाईपटूकडेच जाते. शेवटी वैतागून मी समोरची फाइल उचलते आणि पडद्याचा चढाईपटूकडचा भाग झाकून टाकते. ती मुलगी म्हणते, "मॅडम, मग दिसणार काय?" मी म्हणते, "पुढे चालव." आणि आता फक्त हात दिसतात. कोपऱ्यातला झेपावायला जातो, हा त्याला मागे ओढतो. तो पुन्हा उसळतो, हा पुन्हा धरतो. मग एका क्षणी ह्याची मूठ उघडते, तो सुटतो, आणि पकड होते. पुढची चढाई, तसंच. त्याच्यापुढची, तसंच. मी तिला म्हटलं, हा दुखापतीमुळे बाहेर होता ते सामने लाव. त्यात तोच नावाजलेला कोपरारक्षक घाईघाईनं पुढे जातो आणि बाद होतो, पुन्हा पुन्हा. ती मुलगी म्हणाली, "अगंबाई." व्यवस्थापक चहाचा कप तोंडाशी धरून तसेच थांबले.

ते त्या खेळाडूसाठी थक्क झाले होते. मी फाइल धरून बसले होते आणि मला मैत्रिणीचा हात धरलेला माझा हात दिसत होता. मी तुमच्यासारखी चढाईकडे पाठ करून बसले होते, सर.

बाहेर व्हरांड्यात येऊन मी मैत्रिणीला फोन लावला. ती आता महाबळेश्वरला असते, स्ट्रॉबेरीची शेती आहे. मी विचारलं, आपण खेळायचो तेव्हा मी तुझा हात कधी सोडायचे, आठवतं का? ती म्हणाली, "आगं, तू सोडल्याबिगर मी कवा गेली का? सरांचा हुकूमच हुता. हिची मूठ उघडंस्तवर हालायचं न्हाई, न्हाईतर घरी बसवीन." मी विचारलं, कसला हुकूम? ती म्हणाली, "तुला म्हाईत न्हवतं?" मी म्हटलं, मला कुणी सांगितलंच नाही. ती हसायला लागली, मग तिच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये. आवाज खाली आणून म्हणाली, "मी म्हणलेलं सरांना, तिलाबी सांगा की. तर म्हणालं, तिला सांगितलं तर ती इचार करून सोडंल. आत्ता हाताला कळतंय, ते डोक्याला कळायला नगं."

म्हणजे तिला माहीत होतं. कदाचित सगळ्या संघाला माहीत होतं. ज्या एका माणसासाठी ते माहीत असणं महत्त्वाचं होतं, त्यालाच तुम्ही वगळलंत. मी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले. एखाद्या माणसाचं आयुष्यभराचं मत एका फोनवर मोडतं, आणि खाली रस्त्यावर कंदी पेढ्यांच्या दुकानात गिऱ्हाईक येतच राहतं, ह्याचंही मला नवल वाटलं.

आत जाऊन मी निकाल दिला. त्याला ठेवायचं, आणि गेल्या वेळेपेक्षा चांगल्या करारावर. कोपरारक्षकाची किंमत ह्याच्या मुठीत आहे, असं म्हटलं. कुणी वाद घातला नाही. मग व्यवस्थापक म्हणाले, "त्याला फक्त कळवू ठेवलंय म्हणून. बाकी कशाला सांगायचं? उगीच डोक्यात जायचं." अगदी तुमचंच बोलणं.

मी त्याला बोलावून घेतलं. शेजारी बसवलं, फाइल पडद्यावर धरली आणि म्हटलं, बघ. तो स्वतःचे हात बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं मी त्येला नुस्ता आवरतोय. मेंढरू आवरत्यात तसं." मी म्हटलं, तेच. त्याचीच किंमत आहे, आणि ती दया नाही. तो मान खाली घालून बसला, कान लाल झालेले. मग उठला आणि माझ्या पाया पडायला वाकला, तर मी त्याला दटावलं. डोळे पुसताना दिसू नये म्हणून मी चष्मा पुसायला घेतला.

तुम्ही मला हे सांगितलं असतंत, तर कदाचित मी आणखी काही वर्षं खेळले असते. कदाचित एकाच सामन्यात सगळं बिघडवून बसले असते. दोन्ही खरं असू शकतं, आणि तुमच्याकडून उत्तर मिळायचं नाही. म्हणून चिडले आहे. ती पट्टी मी कधीच वापरली नाही. तिचा रबर वितळून पिशवीला चिकटला, तरी पिशवी टाकून दिलेली नाही.

हा कागद तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, फाडूनच टाकीन. फक्त एक गोष्ट, जी मी संघात कुणालाही बोलले नाही. आज सकाळी सरावाला गेले होते. तो आता प्रत्येक चढाईला आधी आपल्या मुठीकडे बघतो. दोनदा उशिरा सोडली आणि चढाईपटू निसटला. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, सर. तिसऱ्या वेळी मी मैदानाकडे पाठ केली. मला बघवेना.