उत्तरासाठी एक गाणं

५ फेब्रुवारी

माझ्या ऑफिसच्या खुर्चीला एक फुगा बांधण्यात आला आहे. लाल, हृदयाकृती. एसीचा झोत आला की तो माझ्या टाळूवर येऊन आपटतो, आणि टाळूवर आता मध्यस्थ उरले नसल्यामुळे प्रहार थेट होतो. रिसेप्शनवरच्या येसेनियाकडे निषेध नोंदवला. ती म्हणाली, "राहू द्या हो, इंजिनिअर! प्रेमाचा नि मैत्रीचा दिवस जवळ आलाय. तुम्हाला कुणीच काही देत नाही, म्हणून मीच बांधला."

प्रेम आणि मैत्री! चौदा तारखेला हा देश दोन्ही एकदम उरकतो. हा द्वंद्व समास या स्पॅनिश बोलणाऱ्या देशात, केरेतारो शहरी नोकरीला आल्यापासून मला खुपतो आहे. प्रेम असलं की मैत्रीची गरजच काय? आमच्याकडेच बघा.

संकल्प: यंदा उत्तराला बाहेर जेवायला न्यायचं. गेल्या वर्षी ऑडिट आलं. त्याच्या आदल्या वर्षी घसा. त्याआधीचं आठवत नाही, पण कारण सबळ होतं.

७ फेब्रुवारी

चौकातल्या दोन्या एल्विराच्या ('दोन्या' म्हणजे आपल्याकडच्या 'बाई') हॉटेलात टेबल राखून ठेवलं. कारंज्याजवळचं. उत्तराला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. पुसलेलंच ताट तिने पुन्हा पुसलं. मग म्हणाली, "बरं झालं. मला तुमच्याशी बोलायचंच होतं. घरात काही विषयच निघत नाही."

लाजली, हे उघड आहे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर लाजणारी नायिका अलंकारशास्त्रात कुठे सापडत नाही. हा शास्त्राचा दोष.

चौदा तारखेचं पथ्य: तिचं स्पॅनिश चारचौघांत सुधारायचं नाही. क्रियापदं ती वाट्टेल तशी फेकते, आणि मंडईतल्या बायका तिच्या गळ्यात पडतात. मी काळ, अर्थ, पुरुष, वचन सांभाळून कोथिंबीर मागतो, तर माणसं मला हळू आवाजात विचारतात की आपण कुणाला शोधताय. लोकभाषेची ही अधोगती. पण त्या दिवशी मौन.

१० फेब्रुवारी

उत्तराने सगळ्या कुंड्या शेजारच्या दोन्या चायोला देऊन टाकल्या. कढीपत्तासुद्धा, जो तिने पोटच्या पोरासारखा वाढवला होता. कपाटही निम्मं रिकामं. अपरिग्रह. एवढी वर्षं उपनिषदं ऐकवली, ती कुठेतरी मुरली म्हणायची.

दोन्या चायो विधवा झाल्यापासून रोज आमच्या स्वयंपाकघरात असते. मी आत गेलो की दोघी गप्प होतात. आदर.

कोपऱ्यात नवी मोठी बॅग दिसली. म्हणालो, "कारंज्यापाशी जेवायला जायचंय, एवढी बॅग कशाला?" कुणी हसलं नाही. विनोद सूक्ष्म होता.

१२ फेब्रुवारी

अपूर्व कल्पना. दोन्या एल्विराकडे डॉन फेर्मीनचं, म्हणजे फेर्मीनरावांचं, त्रिकूट टेबलापाशी येऊन गातं. आपण सांगू ते. उत्तरासाठी गाणं सांगायचं!

कोणतं, हेही ठरलं. नाव ठाऊक नाही, पण चाल पाठ आहे. अकाउंट्सच्या म्हाताऱ्या साहेबांच्या निवृत्तीला ते गायले, तेव्हा अख्खं ऑफिस रडलं आणि एकमेकांच्या गळ्यात पडलं. नंतर दोन्या चायोच्या नवऱ्याला पुरताना गायले. तिथेही तेच, अश्रू आणि आलिंगनं. न्यायशास्त्र सांगतं, जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. तद्वत जिथे जिथे हे गाणं तिथे तिथे आलिंगन. म्हणजे चिरंतन प्रेमाचं गाणं. शब्द नीट कळत नाहीत, पण शब्द गौण.

१४ फेब्रुवारी, सकाळ

निळा सदरा. धुण्यात आटला आहे, विशेषतः पोटाशी. उत्तराने इस्त्री करून दिला, खांद्यावरची सुरकुती हाताने पुसली आणि म्हणाली, "इस्त्री शिकून घ्या आता. अवघड नसतं." प्रेमात पडलेल्या स्त्रिया असंबद्ध बोलतात.

१५ फेब्रुवारी, सकाळ

दिग्विजय! क्रमाने लिहितो.

उत्तरा अबोली रंगाची साडी नेसली होती. दोन्या एल्विराने तिला घट्ट मिठी मारली, मला नुसता हात दिला. शेजारच्या टेबलावर तीन पिढ्या जेवत होत्या. इथे प्रेमाच्या दिवशी आजीलाही आणतात.

पथ्य थोडं मोडलं. उत्तराने वेटरला कोंबडीचं काहीतरी सांगितलं, त्यात भूतकाळ चुकला. मी सुधारला. तो मला हो म्हणाला आणि तिने सांगितलं होतं तेच घेऊन आला. मग तिने पाणी मागितलं, तेही सुधारावं लागलं. ती म्हणाली, "अहो, आजचा दिवस राहू द्या. मला एक सांगायचंय." मी म्हटलं, थांब, आधी माझं. आणि डॉन फेर्मीनला खूण केली.

मी चाल गुणगुणून दाखवली. तो मागे सरला. "इंजिनिअर, बाई इथेच बसल्यात की."

"त्यांच्यासाठीच तर."

"आज? चौदा तारखेला?"

"आजच."

"बाईंना ठाऊक आहे?"

"नाही. सरप्राइज."

त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, टोपी उतरवली आणि आपल्या दोन साथीदारांना काहीतरी सांगितलं. त्यांनीही टोप्या उतरवल्या. कला आणि विनय यांचं असं साहचर्य दुर्मीळ.

पहिल्या ओळीला हॉटेल चिडीचूप. दुसरीला शेजारच्या आजीबाई गाऊ लागल्या, मग सगळेच. वेटर ट्रे धरून भिंतीला टेकला. गाणं संपल्यावर आजीबाई उठून आल्या, उत्तराचे डोळे आपल्या पदराने, म्हणजे शालीने, पुसले आणि माझी पाठ थोपटून म्हणाल्या, "धीर धर, बाबा." वयाचा मान ठेवून मी मान डोलावली.

आणि उत्तरा! ओक्साबोक्शी. किती वर्षांनी तिने माझा हात हातात घेतला! म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं. मी मूर्ख, महिनाभर शब्द जुळवत बसले. मला वाटलं होतं तुम्ही तमाशा कराल."

मी म्हणालो, "मला सगळं कळतं."

"मग एक तारखेला निघू ना मी? ओआहाकाला? तिथे चायोच्या बहिणीची खाणावळ आहे. वर खोली आहे."

म्हणालो, "अवश्य." बायकांनी थोडा हवापालट करावा. परत कधी, ते विचारायचं राहिलं, कारण तेवढ्यात खरवसासारखं काहीतरी गोड आलं.

ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू पहिल्यांदाच बघते आहे. दाम्पत्यजीवनाचं नवं पर्व.

१६ फेब्रुवारी

फाटकाशी दोन्या चायोने अडवलं आणि रस्त्यातच मिठी मारली. आजवर तिने मला पाव आणायला सांगण्यापलीकडे काही केलेलं नाही.

म्हणाली, "इंजिनिअर, मी तुला दगड समजत होते. रोज तिला म्हणायचे, पोरी, त्या दगडाला सांगून काय उपयोग, सरळ नीघ. आणि तू! माणूस कायमचा चालला की म्हणायचं गाणं, ते तू स्वतः सांगून म्हणवलंस? भरल्या हॉटेलात? माझ्या म्हाताऱ्याला खड्ड्यात उतरवताना मला ते ऐकवलं नाही. आणि तू बायकोला हसत जा म्हणालास. गल्लीत एक नवरा नाही असा."

मी विचारलं, कायमचा म्हणजे?

ती हसायला लागली. "बघा, वर थट्टाही करतो!"

मी म्हणालो, "हो, थट्टाच." आणि घरात आलो.

उत्तरा इस्त्रीचं टेबल माझ्या उंचीला लावत होती. म्हणाली, "या, दाखवते. आधी कॉलर." मी कॉलर केली. चांगली जमली. सगळ्या गल्लीत माझं नाव झालं आहे. पाववाल्याने टोपी काढली.

१८ फेब्रुवारी

त्या गाण्याचा अर्थ मला माहीत नव्हता. हे उत्तराला अजूनही सांगता येईल. ती पलीकडच्या खोलीत आहे, हाक मारली तर येईल.

दारापर्यंत जाऊन परत आलो. मोठ्या मनाचा माणूस हे बिरुद सोडवत नाही, असं स्वतःला समजावून पाहिलं. ते खरं नाही. ती हसेल, ही भीती आहे म्हणावं, तर तेही नाही. हसली तर बरंच होईल.

ती खुर्ची ओढून समोर बसेल, सगळं नीट ऐकून घेईल, मला काही कळलंच नव्हतं यावर तिचा लगेच विश्वास बसेल, आणि तरीही ती जाईल. मला याची भीती वाटते.