सुकाणूवर कोण होतं

३ नोव्हें. ९८, आचोळे
मास्तरकी सुटली, गृहपाठ सुटला नाही. त्या अमेरिकन कप्तानाचं चरित्र प्रकाशकाला डिसेंबरात मराठीत हवंय. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस, झोप माझी मोडतो. आज तिसरं प्रकरण. तरुणपणी त्याचं जहाज खडकावर चढलं. चौकशीत म्हणाला, माझा हुकूम बरोबर होता, सुकाणूवरच्या खलाशाने चाक उलटं फिरवलं. खलाशाला फटके, हा पुढे बढती घेत कमोडोर. खलाशाचं नावसुद्धा दिलेलं नाही.

५ नोव्हें.
निखिल अचानक घरी. कंपनीने बोटीवरून उतरवलंय. किनाऱ्यालगत जहाज वाळूत रुतलं, तेव्हा ड्युटीवरचा अधिकारी हाच. सोमवारी चौकशी. "सुकाणूवरच्या पोराने चाक उलटं फिरवलं, बाबा." तिसऱ्या प्रकरणाबद्दल काही बोललो नाही.

७ नोव्हें.
निखिलच्या बोटीवरच्या त्या पोराची आई अर्नाळ्याहून आली. पिशवीत सुके बोंबील. शनिवार, तरी सौ.ने निमूट घेतले. "साहेब, माझा पोर लहानपनापासून पान्यावर हाय. त्याची नोकरी घालवू नका." निखिल आत, कडी लावून. मी म्हणालो, "बघतो." काय बघणार, कपाळ! स्वतःचीच चीड आली.

८ नोव्हें.
पाचव्या प्रकरणात जहाजावरचा रिवाज. अधिकारी हुकूम देतो, सुकाणूवरचा तो मोठ्याने परत म्हणतो, मगच चाक फिरवतो.
जेवताना विचारलं, "तुमच्यात अजून तसंच?"
"हो."
"त्याने परत म्हटलं होतं?"
निखिल भात चिवडत बसला. मग, "म्हटलं. मी सांगितलं तेच म्हणाला. मीच उलटं सांगितलं."
सौ.: "जेवू द्या ना त्याला."
रागावता येईना. त्याची नोकरी जाईल याची भीती वाटते. तो कमोडोर होईल याची जास्त.

९ नोव्हें.
सकाळी निखिल चौकशीला निघाला. सौ.ने हातावर दही घातलं. दारात मी विचारलं, "त्या पोराचं नाव काय रे?"
"जयेश." बुटाची नाडी बांधत, मान खालीच.
दिवेलागण झाली, फोन नाही. मग वाजला, तर अर्नाळ्याहून, शेजाऱ्यांच्या घरून ती आई. "साहेब, काय झालं?"
या वेळी 'बघतो' म्हणालो नाही. म्हटलं, "चूक जयेशची नाही. हुकूम माझ्या मुलाचा होता."
सौ. बघतच राहिली. निखिल अजून आलेला नाही. तिथे त्याने काय सांगितलं, देव जाणे.