पाटीची केस आणि माझा नकाशा

४ मार्च १९७४
मोंढा बाजाराच्या कोपऱ्यावर हवालदारानं सायकल अडवली. म्हणे, 'प्रवेश बंद'ची पाटी दिसली नाही का? कडुलिंबाची फांदी आडवी असताना कशी दिसेल! खटला भरला. केशर म्हणते, लय ताणू नका, गुन्हा कबूल करा अन् मोकळं व्हा. आपल्या पोरीचं, कुसुमचं लग्न जमायलंय. बायकांना तत्त्व कळत नाही. लढणार. वकील नको. स्वतः आर्ग्युमेंट करणार.

११ मार्च
वालूरचे तात्याराव कुसुमला पाहून गेले. त्यांचा मुलगा मास्तर. पसंती झाली. चहा घेताना त्यांना केस सविस्तर सांगितली. माणूस इम्प्रेस झालेला दिसला. नंतर बोललाच नाही.

१९ मार्च, सकाळी ६
जागेवर जाऊन टेप लावला. पाटबंधारे ऑफिसात अठरा वर्षं ट्रेसर आहे, नकाशा म्हणजे आपला हातखंडा. झाड, पाटी, सायकल, सगळं स्केलमध्ये. चार रंग. मॅजिस्ट्रेट बघत राहतील.

२३ मार्च
समन्स आलं. तारीख २ एप्रिल. नेमकी त्याच दुपारी वालूरला सुपारी फोडायची आहे. केशर रडली. म्हणाली, सुपारीला पोरीचा बाप लागतो, मामाला धाडून भागत न्हाई. उगीच घाबरते. अकराला कोर्ट, बाराला निर्दोष, साडेबाराची एसटी.

२ एप्रिल
साडेचारला पुकारा. पुढची तारीख २६.

३ एप्रिल
कुसुमचा मामा वालूरहून परतला. तात्यारावांनी तीनपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, ज्याला पोरीपेक्षा पाटी मोठी हाय, त्याच्याशी सोयरीक नको. सुपारी तशीच परत आली. कुसुमनं ती उचलून देवघरात ठेवली. तात्यारावांचा गैरसमज झालाय. निकालाची कॉपी दाखवली की सगळं सुरळीत होईल.

१५ एप्रिल
तात्यारावांनी मुलाला चारठाण्याची मुलगी केली म्हणे. लग्न २६ला. ऐकीव बातमी. आधी निर्दोष सुटू द्या.

२६ एप्रिल
मॅजिस्ट्रेटनी नकाशा खरंच बराच वेळ पाहिला. फूटपट्टी मागवली. म्हणाले, फांदी पाटीच्या आड येतच नाही, दोन फूट बाजूलाच संपते, तुम्हीच काढलंय. पाटी पूर्ण दिसते.
दिसतच होती. नकाशात खोटी रेघ ओढणं मला सुचलंच नाही.
दंड भरला. सगळं मिळून सहा मिनिटं.
घरी कुसुमनं ताट वाढलं. त्या मास्तरचं आज लग्न लागतंय, हे तिलाही माहीत होतं. तिची माफी मागायची होती. फार लाज वाटत होती. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच म्हणालो.
तिनं मीठ आणून दिलं.