मुक्ताचा दुसरा डोस

२१ फेब्रु., शनि.
खालच्या मजल्यावर शुभदाच्या बाळाचं उष्टावण. तिचा भाऊ अकोल्याहून दिल्लीला येऊ शकला नाही, म्हणून मामा मी. सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, तर पठ्ठ्याने अंगठीच धरून ठेवली. सात महिन्यांचा आहे फक्त. आमच्या मुक्ताने त्याचे पापे घेऊन घेऊन हैराण केलं. तिला सर्दी, डोळे लाल. नीता म्हणाली, वर नेऊ का हिला? म्हटलं, राहू दे गं, खेळतेय.

२३ फेब्रु., सोम.
मुक्ताला सणकून ताप. कानामागून पुरळ. डिस्पेन्सरीत डॉक्टरांनी विचारलं, "मीज़ल्स के दोनों टीके लगे हैं?" नीता म्हणाली, "जी, दोनों." माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.
"फिर वायरल होगा."
गोवराचा दुसरा डोस झालेलाच नाही. दिवाळीनंतर नीताला सुट्टी मिळेना, म्हणून मी एकटाच घेऊन गेलो होतो. रांगेत पोरीने असा टाहो फोडला की तसाच मागे फिरलो. पुढच्या आठवड्यात नेऊ, तोवर नीताला ‘झालं’ सांगू. मग राहिलं ते राहिलंच.

२५ फेब्रु., बुध.
ऑफिसात काम सुचेना. आकडे जमवून टक्केवारी काढणं हाच आमच्या सेक्शनचा धंदा. डोस राहिला तेव्हा स्वतःची समजूतही टक्केवारीनेच घातली होती. पोलिओला शंभरातली ऐंशीच्या आसपास मुलं टोचलेली पुरतात, कुठल्याशा फाइलीत वाचलेलं. आर. के. पुरममधली सगळी पोरं टोचून घेतात, एक राहिली तर काय आभाळ कोसळणार?
आज नीट पाहिलं. पोलिओ एकाकडून पाचेक जणांना होतो, म्हणून पाचांतले चार सुरक्षित असले की साथ अडते. गोवर एकाकडून पंधरा जणांना. तिथे पंधरांतले चौदा हवेत. सूट फक्त एकाला. आणि ती नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांची, त्यांना लस मिळतच नाही अजून. मेट्रोत म्हाताऱ्यांच्या सीटवर बसणाऱ्या पोरांना मीच उठवतो. इथे बाळाच्या जागेवर माझी मुलगी मीच नेऊन बसवली.
पण डॉक्टर वायरल म्हणालेत. वायरलच असू दे.

४ मार्च, बुध.
मुक्ता खडखडीत बरी. बाळाला ताप, खोकला. शुभदा औषधाची बाटली दाखवायला वर आली. "दादा, हेच देऊ ना?" मी बाटलीवरचं नाव वाचलं आणि हो म्हणालो.

६ मार्च, शुक्र.
बाळाला गोवरच. न्यूमोनिया झालाय, ॲडमिट केलं. जिन्यात समोरच्या बाई बोलल्या, ऊपरवाली बच्ची से ही आया होगा. नीता भडकली. "मेरी बेटी के दोनों टीके हुए हैं. इन्होंने खुद लगवाए हैं." मी भाजीची पिशवी घेऊन मागे उभा.
शुभदाचा नवरा सांगत होता. डॉक्टर म्हणाले, संपर्क आल्यापासून तीन दिवसांत कळलं असतं तर एवढ्या बाळालाही लस देता आली असती. शनिवारी उष्टावण, सोमवारी मी मान हलवली. वेळ होता.

८ मार्च, रवि.
नीताला सांगितलं. पोळी तव्यावर करपली. तिने ती उचलून बाजूला टाकली. मग म्हणाली, "मी तुझ्यासाठी त्या बाईशी भांडले." आणि थोड्या वेळाने, "शुभदाला तू सांगायचं. मी नाही सांगणार."
माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

९ मार्च, सोम.
हॉस्पिटल. नाकाला नळी, छाती भात्यासारखी. शुभदा दोन रात्री झोपलेली नाही. बाळाला म्हणाली, "मामा आला बघ," आणि त्याची मूठ माझ्या बोटावर ठेवली. धरली नाही त्याने.
म्हटलं, शुभदा, तुला एक सांगायचंय. माझ्याकडून चूक...
"आत्ता नको, दादा," म्हणाली. "काय असेल ते हा घरी आल्यावर सांगा. आत्ता माझ्याने काही ऐकवणार नाही."
बरं म्हणालो. आणि बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची जास्त लाज वाटते आहे. नीता विचारतेय, सांगितलंस का.