अंदाजाचा रकाना

बारामती, २ डिसेंबर २०२४
पुण्याहून येऊन आज रुजू झाले. नवजात कक्षात बाळांच्या आठ काचपेट्या, लख्ख खिडक्या, वाऱ्यावर माळेगावच्या साखर कारखान्याकडून येणारा उसाच्या रसाचा गोडसर वास. मन प्रसन्न झाले. परिचारिका इंदिराबाईंची नोंदवही मात्र गबाळी. मी नवी आखली. आतडे कुजण्याच्या आजारात कोणते बाळ वाचेल हे रक्तातील प्लेटलेटवरून आधी सांगता येते का, हा माझा अभ्यासविषय. निरोगी बाळात त्या दोन लाखांच्या पुढेमागे असतात. वीस हजारांखाली आशा धरू नये. अहवाल येण्यापूर्वी आकड्याचा माझा अंदाज मी स्वतंत्र रकान्यात लिहीन. शाईने. खाडाखोड करणाऱ्यांविषयी मला आदर नाही.

९ डिसेंबर
सात बाळे, सात अंदाज. सातही हजाराच्या आकड्यापर्यंत अचूक. तीन दगावली, तीही अंदाजाबरहुकूम. इंदिराबाई म्हणाल्या, डॉक्टरीणबाई, मग ते यंत्र तरी कशाला ठेवायचं? विनोद सुमार होता. तरी सुखावले.

११ डिसेंबर
माझ्या हातून चूक झाली. इंदापूरच्या अत्यवस्थ बाळाचा आकडा, अठरा हजार, शेजारच्या ओळीत उतरला. ती ओळ केवळ काविळीसाठी आलेल्या धडधाकट मुलाची. दुपारी त्याचा अहवाल आला: अठरा हजार. नमुना पुन्हा घेतला. तोच आकडा. पाचपर्यंत पोट काळेनिळे झाले, सहाला गेला.
चूक दिसताच, अहवालाच्या आधीच, मी तो आकडा खोडला होता. तीनदा.

१२ डिसेंबर
आज रकाना कोराच ठेवला. जेवून आले तो भरलेला. अक्षर माझे. इंदिराबाई शपथेवर सांगतात, तुम्हीच उभ्याउभ्या लिहिलंत, मी हाक मारली तरी वळला नाहीत.

१३ डिसेंबर, दुपारी तीन
सणसरच्या निकिताच्या मुलीची आज पाचवी. सकाळपासून पोट फुगते आहे. आजी छबूबाईंनी पेटीपाशी कोरा कागद आणि पेन ठेवले. आज सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते म्हणे. एरवी मी दोन्ही बाहेर फेकले असते.
त्या माझ्याकडेच पाहत होत्या. "तुमी लिवता तसंच हितं व्हतं म्हणं. मग बरं लिवा की, बाई. तुमचं काय जातंय?"
मला न पटलेला आकडा मी जन्मात लिहिलेला नाही. हे त्यांना कसे सांगणार?

साडेचार
नमुना गेला. अहवाल पाचला. वहीला हात लावायचा नाही. इथेच लिहीन, या रोजनिशीत. दोन लाख. दोनच शब्द—
पण त्या पोटाचा रंग मी पाहिला आहे. मला ठाऊक आहे की—
नाही. ठाऊक नाही. काहीही ठाऊक—
निकिता काचेपलीकडे उभी आहे. पेन डाव्या हातात घेतले. तरी अक्षर तेच, वळणदार—
सणसरची मुलगी. प्लेटलेट
दोन ह