बंगईच्या जागी एकवीस इंच

२० सप्टेंबर १९५९, रविवार

दिल्लीस या आठवड्यात टेलिव्हिजन सुरू झाल्याचे वृत्त नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचले. दिल्लीनंतर मुंबई, मुंबईनंतर नागपूर, नागपूरनंतर आमचा चांदा, हा क्रम उघड आहे. सेट हाती आल्यावर लोक जागा शोधू लागतील. मी मुंबईहून बी.कॉम. झालेला मनुष्य आहे, येथील लाकूड डेपोचा मुख्य हिशेबनीस आहे, आणि तयारी आधी व वस्तू नंतर, या मताचा आहे. सबब, आपल्या बैठकीस किती इंचांचा सेट योग्य, याचा निर्णय दिवाळीपूर्वी घेण्याचे ठरविले.

माझी पत्नी सौ. वच्छला हिला हे सांगितले. ती बैठकीतील बंगईवर (मुंबईस जिला झोपाळा म्हणतात) झुलत तांदूळ निवडत होती. "आपल्या इथी अजून नळाले पानी नाई येत धड," इतकेच म्हणाली. विषयांतराची तिची सवय जुनी आहे.

२७ सप्टेंबर

बल्लारशाच्या कारखान्यातील विद्युत अभियंता राजय्या याने एक परदेशी मासिक वाचावयास दिले. त्यानुसार सेट चौदा, सतरा, एकवीस आणि चोवीस इंचांचे असतात. बसणाऱ्याने पडद्याच्या रुंदीच्या सहापट अंतरावर बसावे, असा नियम आहे. नियम असला की मनास बरे वाटते.

चौदा इंच हा एकट्या माणसाचा सेट. सतरा इंच घेणाऱ्यास स्वतःचे मत नसते. चोवीस इंच घेणाऱ्यास ते वाजवीपेक्षा अधिक असते. एकवीस. निर्णय झाला.

४ ऑक्टोबर

टेप घेऊन बैठक मोजली. एकवीसची सहापट म्हणजे साडेदहा फूट. सेट पूर्वेच्या भिंतीस ठेवला तर माझी खुर्ची साडेदहा फुटांवर येते. अडचण एकच. भिंतीपासून साडेआठ फुटांवर, खुर्चीच्या ऐन समोर, बंगई टांगलेली आहे.

ही बंगई सौ.च्या माहेरची, गोंडपिपरीची. तिच्या वडिलांनी स्वतःच्या शेतातील सागवान कापून एकसंध फळी काढली होती आणि पितळी साखळ्यांसह लग्नात दिली होती. दुपारचे जेवण आटोपले की सौ. तीवर बसते. निवडणे, शिवणे, शेजारच्या सोनीबाईशी बोलणे, सर्व काही तेथेच चालते. मला आक्षेप नाही. पण साखळ्या कायम पडद्याच्या मधोमध दिसतील, आणि झुलती वस्तू नजरेस अपायकारक असते.

हे तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "त्या डब्ब्यात कोनी दिसन तवा दिसन. मी तं इथी आता दिसून राह्यली ना." मी पुन्हा मोजले. साडेआठच.

११ ऑक्टोबर, रविवार

ट्रायल घेतली. एकवीस इंच रुंदीचा काळा कागद भिंतीस चिकटविला आणि सोनीबाई व तिचे यजमान दसरू यांना सायंकाळी बोलावून ठरलेल्या जागी बसविले. सर्वांनी कागदाकडे पाहावे व त्रास होत असल्यास सांगावे, अशी सूचना दिली. सर्वांनी पाहिले. थोड्या वेळाने सोनीबाई म्हणाली, "काऊन जी भाऊ, अमावस दिसून राह्यली का आपल्याले?" दसरू हसला. सौ.सुद्धा हसली. ती बंगईवर होती, आणि माझ्या खुर्चीवरून कागदाचा एकही कोपरा पूर्ण दिसत नव्हता.

ट्रायल यशस्वी. दोष नेमका कोठे आहे, ते सिद्ध झाले.

१२ ऑक्टोबर

डेपोतून हमाल इसरूस बोलावून बंगई उतरविली. फळी भिंतीशी उभी केली. साखळ्या पोत्यात बांधून माडीवर ठेवल्या. तुळईतील दोन लोखंडी कड्या तशाच राहू दिल्या. त्या कोणाच्या नजरेच्या आड येत नाहीत.

सौ. स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. काही बोलली नाही. मूक संमती.

१८ ऑक्टोबर

सौ. दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसते. खुर्चीवर बस म्हटले तर नको म्हणते. सोनीबाई येते, उभ्याने दोन शब्द बोलते आणि जाते. घरात शांतता पुष्कळ आहे. टेलिव्हिजन ऐकण्यास अशीच शांतता लागेल.

३ नोव्हेंबर

सौ.चा भाऊ लटारू भाऊबीजेसाठी आला होता. गोंडपिपरीकडे दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तेव्हा बहिणीस घेऊन जातो म्हणाला. दरवर्षी ती चार दिवस जाते. या वेळी ट्रंक घेतली.

लटारूने भिंतीशी उभी असलेली फळी पाहिली आणि विचारले, "भाऊजी, ही काऊन उतरवली?" मी सहापटीचा नियम सांगितला. त्याने ऐकून घेतले, आणि मग फळीवर बोटांनी उगीच टकटक केली.

निघताना सौ. दारात थांबली. "बंगई लागली का निरोप धाडा. मंग येईन," म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. परतण्याची तारीख तेवढी निश्चित व्हावयाची आहे.

८ नोव्हेंबर

खानावळीत जेवतो. लाखोळीची डाळ, पातळ. तक्रार केली. उद्या घट्ट करतो म्हणाले.

रात्री झोप नीट नाही. बाहेरच्या दिव्याचा उजेड येतो, हे कारण असावे. दिवा पूर्वीही तेथेच होता. पडदा शिवून घेणे.

१५ नोव्हेंबर

कॅबिनेटचे काम हाती घेतले. सेट येईपर्यंत कॅबिनेट तयार असणे इष्ट, कारण हिवाळ्यात केलेले काम फुगत नाही. मुखरू सुतारास बोलावले. एकवीस इंच रुंद पडद्यासाठी समोरची फळी बावीस इंच उंच लागते, आणि ती एकसंधच हवी. सांध्यातून पडदा पाहणे शोभत नाही. डेपोत अठरा इंचांहून रुंद सलग फळी नाही. निघते ती सरळ मुंबईस जाते.

तेव्हा लक्षात आले की घरात एक आहे.

मुखरूने बंगईच्या फळीवरून हात फिरविला, खालून पाहिले, पुन्हा वरून पाहिले. "बाईले इचारलं का, बाबूजी?" म्हणाला. मी सांगितले की माहेरची वस्तू भिंतीशी धूळ खात पडण्यापेक्षा बैठकीत सर्वांच्या समोर, सन्मानाच्या जागी येणार आहे. "हे तुमी म्हनून राह्यले. बाई काय म्हनते?" मी म्हटले की बाई गावी आहे आणि करवत येथे आहे.

हे वाक्य मला बरे सुचले होते. तो हसला नाही.

१६ नोव्हेंबर

फळी कापली.

कापताना घरभर सागाचा वास सुटला. मी बैठकीतच होतो. विशेष काही वाटले नाही. डेपोत हाच वास रोज असतो.

२९ नोव्हेंबर

कॅबिनेट भिंतीस लागले. दोन झडपा, पितळी कुलूप, मध्ये पडद्यासाठी चौकोन. चौकोनातून सध्या मागची भिंत दिसते. काम उत्कृष्ट आहे. साडेदहा फुटांवर बसून पाहिले. मधे काहीही नाही.

सोनीबाई डोकावून गेली. "देव्हारा केला का?" म्हणाली. टेलिव्हिजनचे आहे म्हटले. तिने बैठकीभर नजर फिरविली आणि वर कड्यांकडे पाहिले. "तं वच्छलाबाई येऊन नाई राह्यली," असे म्हणाली. प्रश्न होता की काय ते कळले नाही.

सौ.स पोस्टकार्ड लिहिण्याचा विचार केला. प्रत्यक्ष पाहूनच तिला कल्पना येईल. लिहिले नाही.

६ डिसेंबर

लटारू धान विकण्यास चांद्याला आला होता. डेपोच्या फाटकाशी भेटला, घरी येण्यास वेळ नाही म्हणाला. "बाई इचारून राह्यली, बंगई लागली का म्हनून."

काम समाधानकारकपणे प्रगतिपथावर आहे, असे कळविण्यास सांगितले.

तो म्हणाला, "भाऊजी, मी अडानी मानूस. लागली का नाई लागली, एवढं सांगा." फळी उपयोगात आहे, असे मी सांगितले. ते खरे आहे. त्याने पगडी काढून पुन्हा बांधली. "बाई तिकडे भुईवर बसते, भाऊजी. माही बायको म्हनते, पाटावर तरी बसा. बसत नाई."

माझ्या घरी चार खुर्च्या आहेत. हे त्यास सांगितले.

१३ डिसेंबर, रविवार

राजय्या मासिक परत नेण्यास आला. कॅबिनेट पाहून फार खूश झाला. भजी खानावळीतून मागविली होती, ती त्याने उभ्याउभ्याच संपविली. मग चौकोनात हात घालून म्हणाला, "साहेब, ये तो बहुत बडा है. कितने इंच का?" एकवीस म्हटले. "इक्कीस तो कोने से कोना होता है. तिरछा नापते हैं. चौडाई सतराच आती है."

मासिकात तसे लिहिलेले नाही, असे मी म्हटले. त्याने दाखविले. लिहिलेले आहे.

दिल्लीचे चित्र चांद्यास केव्हा पोहोचेल, हेही विचारले. तो म्हणाला, "दिल्ली का दिल्ली के बाहर नहीं जाता साहेब. पाच-दस कोस, बस." मुंबईचे विचारले. त्याने खांदे उडविले आणि उरलेली चटणी मागितली.

१४ डिसेंबर

रुंदी सतरा धरून हिशेब पुन्हा केला.

चौकोन लहान, म्हणून समोरची फळी अठरा इंचांची पुरली असती. अशा फळ्या डेपोत कितीही आहेत.

सतराची सहापट साडेआठ फूट. टेप घेऊन भिंतीपासून मोजले. खात्रीसाठी दुसऱ्या बाजूनेही मोजले. टेपचे टोक दोन्ही वेळा कड्यांच्या बरोबर खाली आले.

म्हणजे पाहण्याची योग्य जागा तीच होती. बंगई मधे येत नव्हती.

डेपोत जावयास उशीर झाला. प्रथमच.

२० डिसेंबर

मुखरूस बोलावले. कॅबिनेट मोडून फळी पूर्ववत जोडता येईल काय, असे विचारले. त्याने उरलेले तुकडे पाहिले. "याचे पाट होतीन, बाबूजी. दोन होतीन. बंगई नाई होत." लोखंडी पट्ट्या मारल्या तर, असे सुचविले. तो म्हणाला, "मानूस झुलनार त्याच्यावर. मी नाई मारत."

दुसरी एकसंध फळी मिळविण्याचा संकल्प केला. जंगल ठेकेदारास लिहिणार आहे. आलापल्लीकडे मोठा साग अजून निघतो. फळी मिळताच निरोप धाडीन. मिळेपर्यंत धाडण्यात अर्थ नाही. अपुरी माहिती देऊ नये.

२७ डिसेंबर, रविवार

निरोप न धाडताच सौ. आली. सोबत लटारू होता. मी दाढी करीत होतो, तसाच बाहेर आलो.

ती बैठकीत शिरली ती थेट कॅबिनेटपाशी गेली; कोणी तरी आधीच कळविले असावे. पदराने वरची धूळ पुसली. झडप उघडली. झडपेच्या आतल्या अंगास फळीचा तो भाग आला आहे, जो वर्षानुवर्षे बसून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. मुखरूने तो आत का ठेवला, मला ठाऊक नाही. तिने तेथे तळहात टेकविला आणि बराच वेळ काढला नाही.

"याच्यात आता काय दिसते?" विचारले.

सध्या काही दिसत नाही, असे सांगितले. दिल्लीचे चित्र दिल्लीबाहेर येत नाही, हेही सांगितले. माप तिरपे असते, हे मात्र सांगण्याचे राहिले.

"बरं," म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर मी मुद्द्यांनिशी उत्तर दिले असते. मुद्दे तयार होते. नव्या फळीसाठी ठेकेदारास लिहिणार आहे, असे म्हटले. ती म्हणाली, "लिवू नका. लटारूनं घरी नवी फळी काढली. साखळ्या तेवढ्या द्या. माह्या बापाच्या हायेत."

लटारूने माडीवरून पोते आणले. उतरताना साखळ्या वाजल्या. हा आवाज घरात बरेच दिवस झाला नव्हता.

मंडई तर केव्हाच संपली, मग परत केव्हा येणार, असे मी विचारले. सौ.ने लटारूकडे पाहिले, लटारूने पोत्याकडे. "तुमी जेवता का वेळेवर?" म्हणाली. जेवतो म्हटले. स्वयंपाकघरात गेली, माठ घासून भरला, डब्यातील तांदूळ उन्हात पसरला. सोनीबाईच्या दाराशी जाऊन काही बोलली. दुपारच्या बसने दोघे गेले.

गालावरचा साबण वाळला होता. बस गेल्यावर लक्षात आले.

३१ डिसेंबर १९५९

सोनीबाईने वांग्याची भाजी पाठविली. वच्छलाबाईने सांगून ठेवले आहे, असा निरोप होता. किती दिवसांसाठी सांगितले आहे, ते विचारले नाही.

ठेकेदारास पत्र लिहिले नाही.

वर्षअखेरीस प्रलंबित काम ठेवू नये, म्हणून खुर्ची साडेदहा फुटांवरून उचलून साडेआठ फुटांवर, कड्यांच्या खाली ठेवली. झडपा उघडल्या. बसून पाहिले. अंतर बरोबर आहे. भिंत पूर्ण दिसते.

खुर्ची मात्र ठेंगणी पडते. डोळे चौकोनाच्या मध्याशी येत नाहीत. बंगईवरून आले असते.