कॅलेंडरातल्या बायका

अब्बा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही. मंगळवार पेठेतली आपली मशीद अजून ऐटीत उभी आहे. मधोमध मोठा घुमट, त्याला टेकलेले अर्धे घुमट, कोपऱ्यांवर पेन्सिलीसारखे टोकदार मिनार. बाहेरगावचे पावणे थांबून म्हणतात, तुर्कस्तानात आल्यासारखं वाटतंय. वाटणारच. तुम्ही कमिटीवाल्यांनी ती तिथल्याच एका मोहल्ल्यातल्या मशिदीवरून उचलली, दुबईहून कुणी आणलेल्या कॅलेंडरावर बघून.

जुनी पत्र्याची मशीद पाडली तेव्हा मी बारावीला होते. ते कॅलेंडर आपल्या शिलाईच्या दुकानात टांगलेलं असायचं. मिस्त्री आला की तुम्ही गळ्यातली टेप काढून चित्रावर धरायचात आणि घुमटाच्या उंचीवरून त्याच्याशी वाद घालायचात. स्लॅबच्या दिवशी तर गल्लीतल्या सगळ्या बायका आपल्या स्वयंपाकघरात. कामगारांना मटण वाढल्याशिवाय कोल्हापुरात स्लॅब पडतो थोडाच. अम्मी रश्श्याच्या डेगीपाशी उभी आहे, शेजारच्या काकू भाकऱ्या थापतायत, मी कांदा चिरतेय. तुम्ही दारात येता आणि अम्मीकडे हात करत काकूच तुम्हाला विचारतात, “एवढी मोठी बांधालायसा, मग आमच्या भाबीला नमाजला कुठली बाजू?” तुम्ही हसता. “बायकांस्नी घरात जागा न्हाय व्हय? रस्सा बघा की, खाली लागंल.” तुमच्यामागचे कमिटीवाले हसले. अम्मीसुद्धा हसली, आणि मला तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी तुमचा डबा घेऊन दुकानात आले, तेव्हा ते कॅलेंडर मी पहिल्यांदा नीट पाहिलं. घुमटाखाली मशिदीचं दार होतं आणि त्या दारातून बायका आत चालल्या होत्या. डोक्याला रुमाल, एकीच्या हातात भाजीची पिशवी, एकीनं पोराचं बोट धरलेलं. त्यांच्यावर बोट ठेवून मी विचारलं, “ह्या कुठं निघाल्यात, अब्बा?” तुम्ही चष्मा लावून बघितलंत. “बाजारला निघाल्या असतील.” मशिदीच्या आत बाजार? त्या चित्राचा इंच न् इंच तुम्ही मोजलात, मिनाराचं टोक सुटलं नाही तुमच्या नजरेतून, आणि जित्याजागत्या बायका दिसल्या नाहीत? डोळ्यांवर कातडं ओढून घेणं म्हणतात ते हेच. वर मलाच सुनावलंत, “लई शिकलीस म्हणून मला शाणपण शिकवू नगंस.” आठवडाभरात तुम्ही कात्रीनं तारखांसकट चित्राचा खालचा भाग कापलात आणि उरलेल्या घुमटाला फ्रेम केलीत. वर्ष सरलं, तारखा कशाला ठेवायच्या, म्हणालात. तारखांबरोबर बायकाही केरात गेल्या.

तुमच्यामागं मी कमिटीशी भांडले. वरच्या मजल्यावर सतरंज्या आणि डेगी ठेवायची खोली आहे, ती बायकांसाठी मागितली. तुमचे जुने दोस्त म्हणाले, “तुझा बाप असता तर तुझी हिंमत झाली नसती.” मी म्हणाले, “झाली नसतीच. म्हणून तर आत्ता आलेय.” पुष्कळ ताटकळवलं त्यांनी, पण शेवटी गेल्या रमजानआधी खोली दिली, वेगळा जिनाही केला. पहिल्या जुम्याला अम्मी सगळ्यांच्या पुढं, कठडा धरून धरून चढली. घरी आली ती रडतच. म्हणाली, “एवढी वर्सं रस्सा करून पाठवला, आत कसं हाय ते आज बघितलं.” तिला हे एवढंसं देताना तुमचं काय जाणार होतं, अब्बा? मला खरंच कळत नाही, आणि ज्याला जाब विचारायचा तोच माणूस नाही. हे पत्र तरी कुठल्या पेटीत टाकू?

एका गोष्टीचं खरं कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही. तो जिना मी अजून चढलेले नाही. दर जुम्याला खालच्या पायरीपर्यंत जाते आणि तुम्ही हो म्हणाल म्हणून थांबते. मग मागं फिरते आणि घरीच नमाज पढते. अम्मी विचारते, तेव्हा गुडघे दुखतात म्हणून सांगते. माझे गुडघे ठणठणीत आहेत.